आत्यासाठी खणलेला खड्डा

आमच्या मांजराला नाव नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेल्या शिव्या मात्र होत्या. सटवी, भवानी, आयतखाऊ. तिन्हींना ती ओ द्यायची. नांदूरघाटात आमचं किराणा दुकान, दुकानामागं घर, आणि बारा वर्षं ही बाई दोन्हीकडची मालकीण. गुळाच्या ढेपांना उंदीर लागू नयेत म्हणून तिला आणलेली. दोन वर्षांत तिनं उंदीर संपवले आणि उरलेली दहा वर्षं त्याच पुण्याईवर झोपून काढली. गिऱ्हाईकानं साखर मागितली की आप्पा म्हणायचे, "दम धरा, पोत्यावर ती निजलीय. उठू द्या." आणि वर मलाच ऐकवायचे, की मांजराचे लाड करणं धंदेवाल्या माणसाला शोभत न्हाई!

पण मांजर खरी आत्याची. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, त्यांची अक्का. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते. दिवाळीनंतर ती न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर तिनं खाणंच सोडलं. "आता कशाला," एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं तर उठेल, नाही तर अवघड आहे. मी अंबाजोगाईच्या सासरहून तिच्यासाठी येऊन राहिले. आई विनवायची, मी ओरडायचे, आप्पा दारात उभे राहून घसा खाकरायचे. म्हातारी काही ऐकेना.

शेवटी ते मांजरानं केलं. एका संध्याकाळी ती आत्याच्या खाटेवर चढली आणि ताटलीकडं बघत बसली. आत्यानं भाकरीचे दोन तुकडे केले, एक दुधात कुस्करून तिच्यापुढं ठेवला. बया हुंगून नुसती बसून राहिली. आत्यानं दुसरा तुकडा तोंडात घातला, तेव्हा हिनं दुधाला तोंड लावलं. "बघा, मी खाल्ल्याबिगर खात न्हाई ती!" आत्या म्हणाली. खरं तर दूध गरम होतं, म्हणून ती थांबली होती. पण हे सांगायला आम्ही काय वेडे होतो? त्या दिवसापासून आत्या ताटलीच्या काठावर नखानं दोनदा वाजवायची, की ही दुकानातून गिऱ्हाइकांच्या पायांतून धावत यायची. अर्धी तिला, अर्धी आत्याला. रात्री आत्याच्या पायांवर निजायची आणि पहाटे उठून दुकानात जायची.

त्या सकाळी आप्पा शटर उघडायला गेले आणि लगेच परत स्वयंपाकघरात आले. हातात चाव्या तशाच. आईला म्हणाले, "ती गेली." आईच्या हातातलं पीठ परातीत सांडलं. "अगं बाई! अक्का?"

"अक्का न्हाई. ही आपली... सटवी."

रिकाम्या पोत्यांवर वेटोळं करून, झोपल्यासारखीच पडली होती. मी हात लावला तर थंडगार. मला रडू फुटलं, तसे आप्पा माझ्यावरच खेकसले, "गप! अक्काच्या कानावर गेलं तर ती आजपासून अन्न सोडंल. मग काय करशील?" ते खरंच होतं. तिघांनी ठरवलं, मांजर शेजारच्या आळीत गेलीय असं सांगायचं, दोन दिवस वेळ काढायचा आणि तेवढ्यात दुसरं पिल्लू शोधायचं. आप्पा तिला गुपचूप शेतात नेऊन पुरणार होते.

आता शेतात जायचं म्हणजे दुकान बंद. आणि आमचं दुकान घरात कुणाची माती झाल्याशिवाय कधी बंद नसतं. आप्पांनी शटर ओढलं, पाटी घेतली आणि खडूनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'घरातील दुःखद निधनामुळे दुकान आज बंद राहील.'

"आप्पा, निधन?" मी म्हणाले. "अहो, कुणाचं ते तरी लिहा!"

"मांजर मेली म्हणून दुकान बंद, असं लिहू? बाजारात तोंड दाखवू का नको मी? लोक हसत्याल."

ही आमच्या घराण्याची अक्कल. रडायची लाज, म्हणून गावाला रडायला बोलावलं.

अर्ध्या तासात पाटीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. घरात आजारी कोण, हे गावाला ठाऊक. पुढच्या दहा मिनिटांत माझ्या लग्नाच्या फोटोतून कापलेला आत्याचा चेहरा, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटोत आत्याच्या खांद्यावर माझ्या सासूचा हात तसाच राहिलेला. कडा गावचे चुलत काका जीप करून निघालेसुद्धा.

मी मागच्या दारी भांडी घासत होते. एकदम पुढच्या दारी हंबरडा. गल्लीतली एक काकू, जिचं आणि आत्याचं चार वर्षं बोलणं नव्हतं, तीच छाती बडवत येत होती. मागं दहाबारा बाया. मी हात तसेच राखेचे घेऊन धावले.

"काकू, हळू! हळू रडा, ऐकू जाईल तिला!"

"कुणाला गं बाई?"

"आत्याला!"

काकू थांबली. माझ्याकडं असं बघितलं, जणू पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग मला छातीशी धरून दुप्पट रडायला लागली. तिच्या पदरात तोंड दाबलं गेल्यानं मला नीट बोलताही येईना.

तेवढ्यात आतून आवाज आला. खणखणीत, दोन महिन्यांत ऐकला नव्हता असा. "कोण गेलं गं?"

अंगणातलं रडणं जागच्या जागी थांबलं. एका बाईनं तर "शिव शिव" म्हणून दाराची चौकट धरली. आत्या पुन्हा म्हणाली, "आता कावून थांबलात? रडा की. कोण किती रडतंय ते ऐकत होते मी." काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चार वर्षांचा अबोला असा मोडला.

एवढ्यात आप्पा शेतावरून परतले. बगलेत पोत्याचं गाठोडं, तसंच. बरोबर गावातले दोन भले गृहस्थ, दोघांच्या खांद्यावर कुदळ-फावडं, घामाघूम. झालं होतं असं, की आमच्यात माणसाला जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, बसवून पुरतात, त्यामुळं खड्डा चांगला खोल लागतो. या दोघांनी बातमी वाचल्याबरोबर कुणी न सांगता आमच्या शेतात जाऊन, आजोबांच्या समाधीशेजारी पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवला होता. गाठोडं कुणाला दिसू नये म्हणून आप्पा लांबच्या वाटेनं, थांबत थांबत पोचले तर खड्डा तयार; मग खरं सांगून, त्याचं काय करायचं ते विचारायला तिघं तसेच परतले.

"मग आता बुजवून टाका तो," आई म्हणाली.

"असा कसा बुजवता, वहिनी?" त्यातले एक म्हणाले. "खणलेला खड्डा रिकामा बुजवत न्हाईत. घरातलं कुणीतरी मागतो तो."

सगळ्यांनी नकळत आत्याच्या दाराकडं बघितलं. आप्पा गाठोडं पाठीमागं लपवून आत गेले. मी मागोमाग.

"अक्का, काही न्हाई, लोकांचा जरा गैरसमज..."

"पोत्यात काय हाय?"

"हरभरा."

आयुष्यभर दुकानात बसलेल्या माणसाला एवढं वाईट खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं हात पुढं केला. "दे इकडं. मला ठाव हाय. रोज पहाटं जाताना माझ्या गुडघ्याला डोकं घासून जायची. आज लई येळ घासत बसलीवती. जायनाच. मीच म्हणलं, जा बाई आता, मी हाय बरी."

आप्पांनी गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि खाटेच्या कडेला मटकन बसले. मग ते रडले. आजोबा गेले तेव्हा पाहुण्यांची जेवणं बघत हिंडलेला हा माणूस, मांजरासाठी हुंदके देऊन रडला, आणि दारात अख्खी गल्ली उभी होती. कुणी हसलं नाही. एकही माणूस हसला नाही.

आत्यानं पोतं उलगडलं. उशाजवळच्या डबीतली विभूती घेऊन मांजराच्या कपाळावर तीन बोटं ओढली. "तिला बसवून पुरा."

"अक्का, मांजर हाय ती."

"घरातली हाय का न्हाई? मग? आन् खड्डा बी रिकामा राहायचा न्हाई."

म्हणजे आत्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मांजर गेली. ती वेटोळं करून ताठलेली, बसता बसेना. आप्पा स्वतः खाली उतरले, तिला गुळाच्या रिकाम्या गोणीच्या गुंडाळीला टेकवून ठेवलं आणि मग वर येता येईना, तेव्हा दोघा गृहस्थांनी त्यांना बगलेत धरून ओढलं. काकूनं बेलाची पानं टाकली. खरं कळलं तेव्हा जीप पाटोद्यापर्यंत आली होती, आता आलोच आहोत तर भेटून जाऊ म्हणून काकाही आले, आणि जिवंत आत्याच्या घरी जेवून गेले.

संध्याकाळी घर रिकामं झालं. मी ताटली घेऊन आत गेले. दिवसभराच्या गोंधळात एकच प्रश्न होता, ही आता जेवेल का, आणि तो आता समोर होता. आत्यानं ताटली मांडीवर घेतली. भाकरी मोडली. एक तुकडा सवयीनं दुधात कुस्करला, आणि पायाकडं बघून तशीच थांबली. घास उचलेना. मी काही बोलणार तोच आप्पा आले आणि खाटेवर, तिच्या पायाशी, जाऊन बसले. आप्पांना दुधाचा वाससुद्धा सोसत नाही. चहाही कोरा पितात.

"आण," ते म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. दुधाची वाटी पुढं सरकवली. आप्पांनी नाक मुरडलं, डोळे मिटले, पण घास काही घेईनात. "आधी तू," म्हणाले. आत्यानं तिचा तुकडा तोंडात घातला. मग त्यांनी खाल्लं.

आता ती काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. दुसरं पिल्लू आणू का विचारलं, तर नको म्हणाली. रोज संध्याकाळी ती ताटलीच्या काठावर नखानं दोनदा वाजवते, आणि आप्पा तराजूत साखर तशीच ठेवून, गिऱ्हाइकांमधून वाट काढत आत येतात.