शाळेला न दिलेली चिठ्ठी

"आजोबा, ही नाटकं नाहीत. हे डिप्रेशन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी म्हणालो, मराठीत सांगा. त्या म्हणाल्या, तापानं अंग आजारी पडतं तसं मन आजारी पडतं. झोप जाते, भूक जाते, कशातच गोडी राहत नाही. आणि छाती धडधडते, श्वास कोंडतो, हात गार पडतात, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यात माणूस मरत नाही, पण आता मरतोच असं त्याला वाटतं.

माझी नात अर्चना, नववीतली, शेजारच्या स्टुलावर आपली नखं बघत बसली होती.

मी शिकलो उर्दू तिसरीपर्यंत, निजामाच्या अमलात. मराठी लिहायला मागाहून माझं मीच शिकलो. बत्तीस वर्षं हैदराबादेत सिटी बस चालवली, कुणाला धक्का लागू दिला नाही. हे मोठेपणासाठीच सांगतोय. त्या मोठेपणानंच पुढचं सगळं झालं.

मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडला, तेव्हा मुलगा आणि सून पुण्याला नोकरी शोधायला गेले. पोरीची शाळा मोडायला नको म्हणून ती बरकतपुऱ्यात आमच्याजवळ राहिली. महिनाभरात तिचं बोलणं आटलं. भाकरी ताटात तशीच राहायची. मी म्हणायचो, वाढतं वय आहे. बायको म्हणाली, "वाढतंय कुठं? पोरगी वाळत चाललीय. बस हाकून हाकून तुम्हाला निस्ता रस्ताच दिसतो." मी ऐकलं नाही. एके सकाळी श्वास कोंडून ती मोरीत खाली बसली, तेव्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तिच्याशी एकटीशी बोलल्या. मग मला आत बोलावलं. "मरावंसं वाटतं म्हणते. मी विचारलं म्हणून सांगितलं. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातील. तोवर तिला एकटी सोडायची नाही. शाळेतसुद्धा." आणि त्यांनी शाळेसाठी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर बाकावर बसून मी ती उलटीपालटी केली. अक्षर कळत नव्हतं, पण कागद मनाच्या डॉक्टरचा आहे हे कळत होतं. आमच्या शहरात वेड्यांचा दवाखाना ज्या भागात आहे, त्या भागाचं नावच लोक शिवीसारखं वापरतात. माझ्या नातीला कुणी तसं म्हणालं तर? शाळेनं नावच काढलं तर? घरी येऊन चिठ्ठी ट्रंकेत घातली.

त्याच आठवड्यात शाळेनं फॉर्म भरून मागितला. आमच्याकडं फोन नव्हता. शेजारच्या किराणावाल्याचा पीपी नंबर होता. फोन त्याच्याकडं यायचा, तो हाक मारून बोलवायचा आणि अख्खी गल्ली ऐकायची. म्हणून फोनचा रकाना मी कोरा ठेवायला सांगितला. खाली विचारलं होतं, मुलाला काही आजार आहे का.

आमच्या घरातले इंग्रजी कागद अर्चनाच भरायची. मी म्हणालो, "लिही, नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं. मी खाली सही केली.

नवव्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई सायकलवरून आला. "दादा, बच्ची घर कू आई क्या?"

वर्गात तिचा श्वास कोंडला होता. बाकीच्या पोरी घाबरू नयेत म्हणून बाईंनी तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत निजवलं आणि आमचा नंबर शोधायला ऑफिसात गेल्या. नंबर नव्हता. परत येतात तर खोली रिकामी.

चार तास मी रस्ते धुंडाळले. या शहराचा एकेक थांबा मला पाठ, पण पोरगी कुठं उतरली असेल ते सुचेना. त्या चार तासांत डोळ्यांपुढं जे जे येऊन गेलं, ते घडलं नाही. घडलं नाही म्हणून ते जातही नाही. अजून येतं.

दिवे लागायच्या वेळी मी घरी आलो, तोच दारात रिक्षा थांबली. टँकबंडवर, तलावाच्या बांधावर, उकडलेल्या शेंगा विकणारी एक बाई उतरली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात अर्चनाचं मनगट घट्ट धरलेलं. मी पुढं झालो तशी तेलुगूत आजोबा म्हणून हाक मारून म्हणाली, "तातय्या, डाँटो नक्को. भूकी है बच्ची."

पोरगी दप्तर घेऊन कितीतरी वेळ पाण्याकडं बघत उभी होती म्हणे. बाईनं तिला शेजारी बसवून कागदाच्या पुड्या बांधायला दिल्या. पोरीनं घराचा पत्ता आपणहून सांगितला, तोही दोन तासांनी. मी विचारलं, तू तिला काय सांगितलंस?

"कुच नै बोली. बाजू में बैठी."

त्याच रात्री अर्चनाला दवाखान्यात ठेवलं. मी चिठ्ठी डॉक्टरबाईंपुढं धरली. ती शाळेत गेलीच नाही हे त्यांना कळलं. मग त्यांनी ती मराठीत करून वाचून दाखवली. हिला एकटी ठेवू नका. रागावू नका. शेजारी बसा. घरी लगेच कळवा.

शेंगावालीला कुणी चिठ्ठी वाचून दाखवली नव्हती.

अकरा दिवस वॉर्डात काढले. मुलगा-सून आले. कुणी मला बोल लावला नाही, ते जास्त जड गेलं. शेवटी शाळेच्या बड्या मॅडमकडं जाऊन खरं सांगितलं. त्या चिडल्या, "आप बताते तो मैं खुद बैठती!" मी विचारलं, नाव काढलं नसतं? म्हणाल्या, "शायद निकाल देती." त्या खरं बोलल्या, म्हणून मी उठलो नाही.

मी म्हणालो, पोराला असं झालं तर शेजारी कोण बसणार, फोन कोण करणार, गेटवर कोण थांबणार, आत्ता ठरवा. त्या इंग्रजीत लिहायला लागल्या. मी हात धरून थांबवलं, म्हणालो, त्या वेळी जवळ असते ती आया नाहीतर शिपाई. त्यांना वाचता येईल असं लिहा, तेलुगूत, उर्दूत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून सांगा, आणि दर महिन्याला परत सांगा. मी उठतच नव्हतो, तेव्हा त्यांनी आयाला बोलावलं.

तुमच्या घरात असा कागद असेल तर तो शाळेत द्या. लाज वाटली तरी द्या. शाळेनं नाव काढलं तर भांडायला मी येतो.

अर्चना आता कॉलेजात आहे. गोळ्या डॉक्टरबाईंनीच हळूहळू बंद केल्या. मी मात्र ती न्हाणीत जरा जास्त वेळ राहिली, की काहीतरी निमित्त काढून दाराशी जाऊन उभा राहतो. खोकत नाही, हाक मारत नाही. तरी तिला कळतं.

आतून म्हणते, "आबा, आहे मी."