ऐकू येणारा रस्ता

नाहूरला आमच्या मागच्या गल्लीत जुनी बिल्डिंग पाडून टॉवर चाललाय. मागच्या वर्षी त्याच्या गेटपाशी खडीचा ढीग पडला होता, ट्रकच्या चाकांनी अर्ध्या रस्त्यावर पसरलेला. एका रविवारी सकाळी मी माझी सायकल खाली काढली, नवऱ्याला हाताला धरून तिथे नेलं आणि म्हटलं, "हं, ऐक." मग सायकल चालवत त्या खडीवरून गेले आणि परत आले. वॉचमन धावत आला. "आंटी, ये क्या कर रही हो?" आता त्याला काय सांगू, कपाळ? टायर चेक कर रही हूँ, म्हटलं. नवरा मान तिरकी करून ऐकत होता. "बरी आहे," म्हणाला, "पण मागून रिक्षा आली ना, की वाट लागते सगळी." मग आम्ही घरी येऊन पोहे खाल्ले.

डोकं फिरलंय दोघांचं, असं वॉचमनला वाटलं असणार. तर सांगते. आमच्या ह्याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि चाळिशी सरता सरता समोरचंही गेलं. आता उजेड कळतो आणि उजेडात काही हललं तर तेवढं कळतं. डॉक्टर चांगले होते, उगाच आशा लावली नाही त्यांनी. नोकरी फोनवर बोलायची, ती टिकली. सायकल गेली. हा माणूस लग्नाच्या आधीपासून नाहूरहून पवईला सायकलने कामावर जायचा आणि रविवारी पहाटे मला उठवून स्वतःच्या मागे पळवायचा. मी कायम मागे आणि पुढे त्याची घामाने भिजलेली पाठ. "ये ना गं, काय रांगतेस!" असा राग यायचा मला! आता ती पाठ आठवली की जीव तुटतो.

शेवटी एकदा स्टेशनजवळ उभ्या रिक्षावर जाऊन आदळला, कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून सायकल पॅसेजमध्ये नेऊन लावली. मला भांडणारा नवरा चालतो, गप्प बसलेला सोसत नाही.

माझं माहेर तळकोकणात, नदीच्या खोऱ्यात. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी आणि काठाने भाताची शेतं. आम्ही लहान होतो तेव्हा काठाने पायवाटच होती. पुढे पलीकडच्या गावांसाठी पूल करायचं ठरलं, म्हणून आमच्या घरापासून नदीकाठाने तीन-चार किलोमीटर खडी टाकली. नदीत दोन खांब उभे राहिले आणि कंत्राटदार पळाला. राहिला खडीचा रस्ता, कुठेच न जाणारा. कुठे जात नाही म्हटल्यावर त्यावर गाडी तरी कशाला येईल? कधी एखादी म्हैस आणि तिच्यामागे शिव्या घालणारा तिचा मालक, एवढीच काय ती वर्दळ.

टाके पडले त्या वर्षी डिसेंबरात आम्ही तिकडे गेलो होतो. मी भावाची सायकल घेऊन नदीवर गेले. परत आले तर हा अंगणाबाहेर उभा. "तू पार वळणापर्यंत गेलीस ते ऐकू आलं मला," म्हणाला, "वळणावर ब्रेक मारलास." बोलताना चेहरा असा काही झाला होता की मला पुढचं कळलंच. "मुळीच नाही!" मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" रात्रभर भांडलो. सकाळी शेजारची एक सायकल मागून आणली आणि मी पुढे, हा मागे, असे निघालो.

काय सांगू! चाकाखाली खडी करकरत होती, आणि त्या आवाजाच्या मागोमाग हा येत होता. मी डावीकडे सरकले की तोही सरकायचा. मी हळू झाले की हळू. शेतांत कुळीथ होता, गार वारा होता, आणि मागे माझा नवरा लहान पोरासारखा हसत होता. मला वळून बघायची सोय नव्हती. पुढचीच भेलकांडली तर मागच्याने काय करायचं? त्यामुळे तो हसताना कसा दिसतो ते मला दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. मी रडत रडत सायकल हाणत होते.

मग आमचं ठरूनच गेलं. त्याची सायकल खासगी बसच्या डिकीतून गावी नेऊन ठेवली. डिसेंबरात आणि मे महिन्यात जायचं. मधले सगळे महिने नाहूरला तो गॅलरीत बसून हॉर्न ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "किती राहिले गं?" काय किती, ते मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी म्हणाला, "आज तू थांब. मी एकटा जातो." रस्त्याला दोन चाकोऱ्या होत्या खडीच्या, मधल्या पट्ट्यात गवत. चाक गवतात गेलं की आवाज बंद, की समजायचं चुकलो. हे त्याने मनातल्या मनात कधी जुळवलं होतं कोण जाणे. तो निघाला आणि मी ओरडायला लागले, डावीकडे घे, अरे सांभाळ, अरे खड्डा! तो थांबला. पाय टेकून म्हणाला, "ए बाई, गप्प बस ना जरा. तुझ्या आरडाओरड्यात रस्ता ऐकू येत नाही."

मी तोंडावर पदर धरला. तो गेला. पुन्हा ती पाठ माझ्यासमोर, घामाने भिजलेली, वळणाच्या दिशेने लहान लहान होत जाणारी. आणि मग तो वळून परत आला, माझ्याकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून, सगळं लक्ष कानात. किती वर्षांनी मी त्याला समोरून येताना बघितलं. देखणा दिसत होता मेला.

मग पुलाचं काम पुन्हा सुरू झालं. भावाने फोनवर खुशीत सांगितलं, पूल झालो, रस्त्यावर डांबर पण पडला. मी फोनवरच भांडले त्याच्याशी. इतकी वर्षं झोपला होतात, आत्ताच कसली घाई सुटली तुम्हाला? तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू वर्षातून दोनदा येतंस. आमका रोज पलीकडे जाऊचा आसता." त्याचं खरंच होतं. तरी मी त्याच्याशी आठ दिवस बोलले नाही.

नवऱ्याचं म्हणणं, डांबराच्या दोन्ही कडांना साइडपट्टी असते, तिथे खडी टाकतात. "तेवढी पुरे मला. हातभर असली तरी पुरे." रोज संध्याकाळी तेच. मी हो हो म्हणायचे.

गेल्या डिसेंबरात गेलो. पुलामुळे आता स्टेशनवरून रिक्षा जवळच्या वाटेने, पलीकडून येते. हा कडेला बसला, डोकं बाहेर काढून. "आपला रस्ता आला की सांग," म्हणाला. पुलाच्या जोडांवर चाकं धाडधाड वाजली, आणि पूल संपला तशी रिक्षा लोण्यावरून निघाल्यासारखी चालली. मी बाहेर बघितलं. डांबर, आणि त्याच्या दोन्ही कडांना लाल माती, दाबून घट्ट बसवलेली. खडीचा एक खडा नाही. समोरून दोन मोटारसायकली गेल्या, मग टेम्पो. मला सांगायचं होतं, आला रे, हाच तो. पण मी त्या लाल मातीकडेच बघत बसले. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

रिक्षा थांबली. कुत्रा भुंकला, वहिनी "इली गो!" म्हणत धावत बाहेर आली. हा डोकं बाहेर काढूनच बसला होता.

रिक्षावाला मागे वळून हसत म्हणाला, "काय काकानू, रस्तो कसो झालो? पोटातला पाणी हलला नाय!"

"झकास," हा म्हणाला. आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली.