ह्यातला मुलगा कोणता?

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कुणी न आणता साठत जातात. एक, टोपण हरवलेली पेनं. आणि दुसरे, किस्से! पेनं निदान दिवाळीच्या सुट्टीत शिपाई झाडून टाकतो. किस्से कोण टाकणार? उलट चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "काळे बाई, ते सांगा हो, कंडक्टरचं!" आणि झालं, पुढचा तास बुडाला.

तर काळे बाई म्हणजे मी. पी.टी.ची शिक्षिका. नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यात, कळसच्या बाजूच्या एका शाळेत आम्ही तिघं एकाच वर्षी लागलो. आणि तिघांकडं बघून कुणालाही कशाचाच अंदाज यायचा नाही.

लोणकर सर गणिताचे. वय एकोणतीस, उंची पाच फूट एक इंच, आणि दाढी-मिशी येते येते म्हणत आलीच नाही. गावडे सर इतिहासाचे. वय सत्तावीस, पण केस पांढरेशुभ्र, अगदी भुवयांसकट! अकरावीत सुरुवात झाली आणि बी.एड. होईपर्यंत सगळा कारभार आटोपला होता. आणि मी? कॉलेजात टायफॉइडमध्ये केस गेले, बॉयकट केला, तो आवडला म्हणून तसाच ठेवला. उंची पाच फूट आठ इंच. अंगात शर्ट-पँट, गळ्यात शिट्टी.

आता बोला!

* * *

लोणकर सरांचा पहिला दिवस. बिचारे हौसेनं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाकी पँट घालून आले. आमच्या शाळेचा युनिफॉर्म काय? पांढरा शर्ट आणि खाकी पँट!

प्रार्थना सुरू झालेली. हेडमास्तर गेटवर उभे. त्यांनी सरांची कॉलर धरली ती थेट दहावीच्या रांगेच्या शेवटी नेऊन सोडली. "पहिल्याच दिवशी लेट? हात जोड!"

सरांनी हात जोडले. काय करतात! राष्ट्रगीत, प्रार्थना, प्रतिज्ञा, सगळं म्हणून झालं. मग हेडमास्तर परत आले.

"नाव काय?"

"लोणकर."

"वर्ग कुठला?"

"अजून मिळाला नाही सर. ऑर्डर तुमच्याच टेबलावर आहे."

हेडमास्तर नंतर आठवडाभर त्यांना "अहो-जाहो" इतकं करत होते की ऐकणाऱ्याला वाटावं इन्स्पेक्शनचे साहेबच आलेत.

* * *

ते कंडक्टरचं सांगते. आम्ही तिघं ट्रेनिंगला बारामतीला निघालेलो. एसटी खच्चून भरलेली. लोणकर सरांना कशीबशी सीट मिळाली. गावडे सर आणि मी उभे.

कंडक्टर आला. त्यानं आधी गावडे सरांकडं बघितलं, मग लोणकर सरांकडं, आणि खेकसला, "ए बारक्या, ऊठ की! आबा उभं हायत, दिसंना व्हय तुला?"

लोणकर सर लाल झाले. "अहो, मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे!"

सगळी एसटी हसली. कंडक्टर म्हणाला, "आनि मी तुजा आजा हाय. ऊठ!"

सर उठले. गावडे सर बसले. भवानीनगर मागं पडेपर्यंत शांतपणे खिडकीबाहेर ऊस बघत होते. मग वर न बघताच म्हणाले, "बाळा, दप्तर दे मांडीवर. दमशील."

* * *

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांचंच सांगता, स्वतःचं काय? सांगते की! मला काय लाज आहे?

आमचे हे भवानीनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. कॉलनीत क्वार्टर मिळालं तेव्हा संक्रांतीचे दिवस. शेजारच्या वहिनींनी चिठ्ठी पाठवून हळदीकुंकवाला बोलावलं. ओळखदेख काही नव्हती. त्या दिवशी कबड्डीची मॅच लांबली आणि मी घामाघूम, शर्ट-पँटवर, तशीच त्यांच्या दारात. म्हटलं, आधी उशीर होईल एवढं सांगून जावं.

मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी पदर डोक्यावर घेतला. "भावजी, बायकांचा कार्यक्रम हाय. मिसेसना पाठवा!" आणि दार लावलं.

मी घरी गेले. अंघोळ केली, काठाची साडी नेसले, पदर डोक्यावरून घेतला, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि परत गेले.

"या, या! आत्ताच तुमचे मिस्टर येऊन गेले. लय सज्जन मानूस हो, वर मान करून बघितलं न्हाय!"

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांना ठसका लागला. पाणी प्याले आणि विचारतात काय, "मग? मी कसा दिसत होतो?"

* * *

पालकसभेला एका मुलाचे आजोबा आले होते. त्यांनी गावडे सरांना हात धरून शेजारी बसवून घेतलं. गुडघ्यांची विचारपूस केली, साखर आहे का विचारलं, आणि मग जिव्हाळ्यानं म्हणाले, "आता कशाला दगदग करता आबा? रिटायर कधी व्हताय?"

"एकतीस वर्षांनी," गावडे सर म्हणाले.

आजोबांनी त्यांचा हात थोपटला आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याकडं लक्ष द्या जरा. इसरायला लागल्यालं दिसतंय."

* * *

इथवर सगळी गंमत. पण गावडे सरांच्या लग्नाचं बघायला लागले आणि गंमत कमी झाली. वडील नव्हते. घरी आई एकटीच, एवढ्या एकाच गोष्टीसाठी जीव टांगून बसलेली.

पहिली मुलगी बघायला सर, त्यांची आई आणि मामा असे तिघंच गेले. मुलीच्या वडिलांनी अर्धा तास गप्पा मारल्या. पाऊस झाला, ऊस झाला, मग ते म्हणाले, "बरं आबा, ह्यातला मुलगा कोनता? का अजून यायचाय?"

"मीच," सर म्हणाले.

वडील मांडीवर थाप मारून हसले. "लय गमती हाय तुमी! पर बोलवा आता पोराला. लाजतंय व्हय?"

"अहो दादा, खरंच मीच आहे."

मग मात्र कुणी हसलं नाही. माणसं चांगली होती, वाकडा शब्द बोलली नाहीत. निघताना त्यांनी सरांना टॉवेल-टोपी देऊन मान केला. वयाचा!

मी म्हटलं, "सर, कलप का लावत नाही?" तर तेही करून झालं होतं. एकदा लावला, दुसऱ्या दिवशी तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात. बारामतीच्या डॉक्टरांनी हात जोडले, "पुन्हा कधी ही बाटली हातात घेऊ नका."

दुसऱ्या वेळी आम्हीच डोकं चालवलं. म्हटलं, बरोबर एक मित्र असू दे, म्हणजे सर तरणे वाटतील. लोणकर सरांना धाडलं! त्यांना बघून मुलीच्या आत्यानं स्वयंपाकघरात जाहीर केलं, "बिजवर हाय गं बया! म्होरल्या बायकुचं दहावीतलं पोरगं बी संगं आनलंय!"

चहासुद्धा आला नाही. लोणकर सर दोन दिवस स्टाफरूममध्ये मान खाली घालून बसत होते.

मी ते ऐकून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग बघितलं तर गावडे सर हसत नव्हते. म्हणाले, "बाई, लोक हसतात त्याचं मला काही वाटत नाही. पण हल्ली आई कुणाकडं विषयच काढत नाही. परवा म्हणाली, माझ्या पोटचं पोरगं माझ्या आधी म्हातारं झालं. आता एक कऱ्हाटीचं स्थळ आलंय. ते शेवटचं. त्यानंतर मी कुणाच्या दारात जाणार नाही."

फार वाईट वाटलं मला. चांगलं सत्तावीस वर्षांचं पोरगं हो, कविता पाठ म्हणणारं, आईचे पाय चेपणारं! आणि त्यानं डोक्यावरच्या केसांपायी असं दार लावून घ्यायचं?

* * *

कऱ्हाटीला आम्ही पाच जण गेलो. गावडे सर, आई, मामा, हेडमास्तर आणि मी. लोणकर सरांना सक्त मनाई! मी मुद्दाम साडी नेसले, आणि सकाळपासून आवाजही खाली ठेवला. मध्यस्थी हेडमास्तरांची, पण नुसती पत्रानं; त्यांनाही त्या घरी अजून कुणी पाहिलं नव्हतं. "केस थोडे पांढरे आहेत, हे मी कळवून ठेवलंय," ते म्हणाले. थोडे!

मुलीचं नाव सुरेखा. गावातच शिवणक्लास चालवायची. पडवीत दोन खाटा, त्यावर आमची पुरुष मंडळी. आईंना सतरंजीवर बसवलं आणि मला मुलीच्या काकूंनी हाताला धरून आत नेलं.

पोह्यांचा पहिला घास तोंडात घातला न घातला, काकू कानाशी लागल्या. "मुलाचं वय वाईच जास्त वाटतंय, न्हाय का? पर केस थोडं पांढरं म्हनून कळवलं हुतं, आनि बघा कसं काळंभोर हायत! आनि वडील तर देवमानूस. काय पांढरंशुभ्र डोस्कं!"

माझ्या घशात पोहे अडकले. आमचे हेडमास्तर साठीला टेकलेले, पण दर रविवारी न चुकता कलप लावायचे. ऊन पडलं की डोकं निळं चमकायचं. ह्या लोकांनी त्यांनाच नवरा मुलगा धरलं होतं!

बाहेरून मुलीच्या भावाचा आवाज आला. तो हेडमास्तरांना विचारत होता, "मग, नोकरी पर्मनंट का?" आणि हेडमास्तर अभिमानानं सांगत होते, "अगदी पहिल्यापासून!"

मी "अहो काकू, ते..." म्हणेपर्यंत ठसका लागला. काकू पाणी आणायला धावल्या. सुरेखा कप पुसत होती. तिनं काकूंचं सगळं ऐकलं होतं. दाराच्या फटीतून तिनं एकदा बाहेर बघितलं. जरा वेळ बघितलं. मग परत कप पुसायला लागली. मी तिला खुणेनं काही सांगणार तोवर भावाची हाक आली आणि ती ट्रे घेऊन बाहेर गेली. मी मागोमाग, खोकतच.

चहा झाला. भाऊ म्हणाला, "सुरेखा, थोरांच्या पाया पड."

आता आली का पंचाईत! आमच्याकडं बघायला आलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या मुलगी पाया पडते, फक्त नवऱ्या मुलाला सोडून. आणि चुकून त्याच्या पडलीच तर? थोर म्हणून जिनं पायावर डोकं ठेवलं, तिला त्यानं मागणी घालायची? कुठल्या तोंडानं? गावडे सरांना मी ओळखत होते. ते तिथंच उठले असते, टॉवेल-टोपी घेऊन घरी गेले असते आणि आयुष्यभर परत बोलले नसते.

सरांनी पाय खाटेखाली ओढून घेतले. आईंनी पदराचं टोक दातात धरलं.

सुरेखा आधी आईंच्या पाया पडली. आई पुटपुटल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग मामांच्या. मग सरळ हेडमास्तरांपुढं आली आणि वाकली!

"अगं, अगं!" भाऊ अर्धा उठलाच. "त्यांच्या काय पडतीस?"

हेडमास्तरांनी खुशीत आशीर्वाद दिला. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. ती वळली, माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद द्यायचं विसरले, नुसती तिच्याकडं बघत राहिले. आता एकटे गावडे सर उरले होते. त्यांचं पांढरं डोकं पार खाली गेलेलं.

ती त्यांच्यासमोर थांबली, त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि आत निघाली.

भाऊ ओरडला, "अगं ए, आबांच्या राहिलं की!"

दारात ती मागं वळली.

"त्यांच्या आज न्हाय," म्हणाली आणि आत गेली.