सगळ्यात स्वस्त तिकीट

ताई एकोणीस वर्षं एकाच विमान कंपनीत होत्या. त्यांना सगळेच ताई म्हणत, मॅनेजरसुद्धा. नोकरीला लागल्या तेव्हा विमानात चढायच्या गेटवर उभं राहून प्रवाशांना चॉकलेटं वाटायच्या. मग कंपनीने स्वस्त तिकिटांचा धंदा धरला. आधी चॉकलेट गेलं, मग जेवण गेलं, शेवटी खिडकीजवळच्या जागेचेही वेगळे पैसे सुरू झाले.

"आता फक्त श्वास फुकट आहे," ताई घरी सांगत.

"हळू बोल, कंपनी ऐकेल," नवरा म्हणे.

विमानात जागा एकशे ऐंशी, पण तिकिटं नेहमी पाच-सहा जास्तच विकलेली. कोणी ना कोणी येत नसे, त्यामुळे निभावून जाई. एखादा प्रवासी उरलाच, तर ताई गोड आवाजात सांगत, "सिस्टीमने तुमचं नाव काढलंय हो, माझ्या हातात काही नाही." चिठ्ठी टाकून नाव काढावं तसंच हे असणार, असं त्या मनापासून धरून चालल्या होत्या.

एका सकाळी एक बाई उरली. शिवणकाम करणारी, पस्तिशीची. हातात कापडी पिशवी आणि कागदांची जाडजूड फाइल.

"ताई, उद्या माझं ऑपरेशन आहे. भावाला किडनी देतेय. आज दुपारी दवाखान्यात भरती नाही झाले तर..."

ताई तडक मॅनेजरकडे गेल्या. "साहेब, हिचंच नाव कसं आलं?"

त्याने स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "सगळ्यात स्वस्त तिकीट. एकटी. पहिल्यांदाच उडतेय. अशी माणसं भांडत नाहीत, ताई, आणि परत येतीलच असंही नाही. म्हणून त्यांनाच वगळायचं. पहिल्यापासून तसंच आहे."

पहिल्यापासून! ताईंना एकेक चेहरा आठवला. काठी टेकत मुकाट्याने परत गेलेले ते आजोबा, मुलाखत हुकलेली ती मुलगी... सगळे वेचून काढलेले. आणि निरोप पोचवायला ताईंचा गोड आवाज.

गेटवर येऊन त्यांनी बाईला विचारलं, "सगळ्यांना सांगू?" तिने मान डोलावली. ताईंनी माइक उचलला.

"या विमानात जागा आहेत त्याहून जास्त तिकिटं आम्ही विकली आहेत. या बाई उद्या भावाला किडनी देणार आहेत आणि त्यांना जागा नाही. कोणी आपली देईल का?"

"जास्त विकली? म्हणजे मुद्दाम?" कोणीतरी ओरडलं. मॅनेजर धावत आला, "ताई, डोकं फिरलंय का तुमचं?"

तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर पुढे झाला. "माझी सुट्टीच आहे. इथंच ताणून देतो. जा बाई तुम्ही."

आठवड्याने बाईचा फोन आला. ती रडत होती की हसत, तेच कळेना. "नवी किडनी चालू झाली, भावाला लघवी झाली हो, ताई! अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता!"

ताईंची बदली हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर झाली. तिकिटं जास्त विकणं काही थांबलं नाही.

महिन्याभराने सासूबाईंना नणंदेकडे पाठवायचं ठरलं. नवऱ्याने फोन पुढे केला. "हे बघ, सगळ्यात स्वस्त! आई एकटीच तर जाणार आहे."

"थोडं महागातलं काढ," ताई कशाबशा म्हणाल्या. मग आता त्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी आई मागे राहील, हे त्यांच्या लक्षात आलं.