मोटारी चालू असतानाचा आवाज

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे वडीलधाऱ्या माणसावर लिहिण्याचा हा आगाऊपणा करताना हात अडखळतो, वाचकांनी माफ करावं. पण एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकतो. बेंबळीपासून पार परंड्यापर्यंत आवाजाची इतकी काळजी घेणारा, आणि त्यापायी स्वतः क्षणभरही गप्प न बसणारा माणूस माझ्या मामांखेरीज दुसरा नसेल.

मामा गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजायला होते. कॅनवर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "ह्यात पाणी हाय." दूधवाले पोराबाळांच्या शपथा घ्यायचे, मग फॅट काढल्यावर माना खाली घालायचे. गावात कुठंही कर्णा लागला की तो मामांना वाकडाच दिसायचा. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वधूवरांवर फुलं टाकायची वेळ झाली तेव्हा नवरदेव खांबावर चढून कर्ण्याचं तोंड फिरवत होते, असं मामी अजून सांगते. उमरग्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी स्पूलचं, म्हणजे मोठ्या रिळांवर फीत फिरवणारं, विजेवरचं जुनं रेकॉर्डिंग यंत्र आणलं होतं. ते तान्ह्या लेकरासारखं दुपट्यात गुंडाळलेलं असे आणि मामीला त्याच्याजवळ शिंकायचीसुद्धा बंदी होती.

माझे वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे आणि संध्याकाळी विहारात भीमगीतं गायचे. त्यांनी सूर लावला की बाया चुलीवरची भाकरी विसरत. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात बाबांची गाणी कशावर तरी उतरवून ठेवावीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. एका मित्राचा सेलवर चालणारा कॅसेटचा टेप मागून आणता येत होता. तो आणू का, असं मी मामांना विचारलं आणि तिथंच आठ दिवस गेले.

"कॅसेट?" मामा म्हणाले. "भाच्या, त्यातली फीत बघितलीस का? कांद्याच्या पापुद्र्यावाणी. दाजीचा आवाज म्हंजी ज्वारीचं पोतं. त्या पिशवीत मावंल व्हय?"

मी भीत भीत वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. परदेशात म्हणे आता आवाजाचे आकडे करून साठवतात. मामांनी ते दोनदा वाचलं. "मी रोज फॅटचा आकडा लिहितो. जा, ती वही चाटून बघ, दूध लागतंय का!"

बाबा बाजेवरून म्हणाले, "पाव्हणं, मी हाय तवर ठरवा म्हंजी झालं."

शेवटी स्पूल ठरलं. ठरलेल्या दिवशी सकाळीच मामांनी आमच्या कोंबड्या डालग्याखाली घातल्या, दाराच्या फटीत वाकळा कोंबल्या, शेजारच्या म्हातारीला तिच्या खोकल्यासकट मळ्यात पाठवलं. मग माइक खुंटीवर, उतरंडीवर, शेवटी बाबांच्या नाकासमोर. बाबा सकाळपासून आंघोळ करून बसले होते. "हॅलो, हॅलो" करता करता दुपार झाली. तोवर शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू होऊन बल्ब पिवळा पडला होता. रोजच पडायचा, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. बाबांनी पाच गाणी म्हटली. लगेच लावून ऐकली, तर हुबेहूब! मामा डोळे पुसत म्हणाले, "दाजी, आता डॉक्टरला म्हणावं, खुशाल काप."

ऑपरेशन झालं. बाबा वाचले, पण आवाज गेला. पुढं पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, मोटारी बंद झाल्या. बल्ब असा लख्ख की डोळे दिपावेत. मामांनी यंत्र मांडलं, आणि आतून शाळकरी पोरगं घाईघाईनं गाऊ लागलं. बारीक, चिरका आवाज. मोटारींमुळे वीज कमी असताना यंत्र हळू फिरलं होतं, आता पुऱ्या विजेवर तीच फीत पळत होती. बाबा आवाज न करता हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मामा हसले नाहीत. वीज तेवढीच कमी पडावी म्हणून त्यांनी वायरीत बल्ब जोडून पाहिले, मेकॅनिक आणले. कधी फीत थांबायची, कधी आवाज रडका व्हायचा.

"तुझा सेलवरचा टेप आणला असतास तर ही पाळी आली नसती," एक दिवस ते म्हणाले. "माझा शहाणपणा नडला, भाच्या." मी यंत्र दुपट्यात गुंडाळू लागलो. तेव्हा बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. त्यानंतर मामा कर्ण्याकडे मान वर करूनही बघेनात.

दोन दुष्काळ असे गेले. मी हॉस्टेलवर राहायला आलो. मागच्या आठवड्यात मामांचं कार्ड आलं. अक्षर दुधाच्या वहीतलंच, ओळीला ओळ खेटून कोंबलेलं:

"विहिरींना पाणी लागलंय. शिवारातल्या समद्या मोटारी चालू हायत. काल दुपारी फीत लावली. दाजीचा आवाज त्याच्या जाग्यावर निघाला. पाची गाणी होईस्तोवर दाजी ओठ हलवत बसलं होतं. तू ये. परीक्षा असली तरी ये. मोटारी चालू हायत तवर ये."