टेंबलाईचं नवं पाणी

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कळशीत भरून टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं, ही आमच्या कोल्हापूरची रीत. गल्लीगल्लीतल्या बायका डोक्यावर कळशा घेऊन निघतात. पुढं पिपाणी आणि ढोल.

आमच्या घरची कळशी थोरल्या जाऊबाई न्यायच्या. थोरले दीर वारले त्या आषाढात मात्र त्या घरी भाकऱ्या थापत बसल्या आणि कळशी मी नेली. त्यांना कुणी ‘येऊ नको’ म्हणालं नव्हतं. ‘चल’ असंही कुणी म्हणालं नव्हतं.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी त्यांना पिशव्या धरायच्या निमित्तानं घाटावर आणलं. कळशी भरली आणि माझ्याकडं न देता त्यांच्यापुढं धरली.

“घे.”

“नको आत्या. लोकं बोलत्यात.”

शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, “अवो, सवाष्णीचा मान हाय तो.”

सासूबाईंचा आवाज मुळातच मोठा. “देवी सांगून गेली व्हय तुला? माझा लेक गेला. आता हिच्याकडनं आणि काय काय काढून घेऊ?”

पिपाणीवाला वाजवायचा थांबला. जाऊबाईंनी पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. कळशी मी उचलून दिली.

वाटेत लोक कळशीवाल्यांच्या पायांवर पाणी घालतात, हळदीकुंकू लावतात. एका दारात अनोळखी बाई करंडा घेऊन आली. जाऊबाईंचं मोकळं कपाळ बघून तिचा हात थबकला. डोक्यावर कळशी, त्यामुळं जाऊबाईंना मान हलवता येईना. त्यांनी नुसते डोळे मिटले. बाईनं क्षणभर बघितलं आणि कुंकू लावलं.

टेकडीवर त्यांनी पायऱ्यांवर पाणी ओतलं, नमस्कार केला, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “भूक लागलीया.” आम्ही तिथंच बसून भजी खाल्ली.

घरी आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, कुंकूही धुऊन टाकलं. सासूबाई बघतच राहिल्या.

“रोज न्हाय लावणार मी,” जाऊबाई म्हणाल्या. “पण कळशी माझी हाय.”

तेव्हापासून कळशी त्याच नेतात. काकू अजून त्यांच्या बरोबरीनं चालत नाहीत, चार पावलं मागून येतात.