गार हाताचे पाठभेद

या कथेचे तीन पाठ प्रचलित आहेत. पहिला वॉर्डमधल्या नर्सचा. त्यात नायक डॉक्टर आहेत. दुसरा कॅन्टीनचा, त्यात बरीच कॉफी आणि त्याहून अधिक अतिशयोक्ती मिसळली आहे. तिसरा रेकॉर्ड विभागातल्या शांताचा. तो मी सर्वांत विश्वसनीय मानतो, कारण घटना घडली तेव्हा पेन तिच्या हातात होते.

लोककथांच्या अभ्यासात माझे आयुष्य गेले. पण कथा एखाद्या माणसाभोवती कशा गोळा होतात, हे मला बेंगळूरमधल्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी, थोरल्या बहिणीमुळे समजले. आधी एक किस्सा घडतो, त्याला टेकून दुसरा येऊन बसतो, आणि काही वर्षांत माणसापेक्षा त्याचे किस्सेच अधिक ओळखीचे होतात!

सुमित्राअक्का नव्वदच्या दशकात बेंगळूरच्या एका मोठ्या रुग्णालयात रेकॉर्ड विभागाची प्रमुख होती. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल वाचायची आणि जाडजूड कोडबुकातून त्याच्या आजाराला नेमका क्रमांक द्यायचा, हे तिचे काम. नियम एकच : डॉक्टरांनी जे लिहिले नाही, ते घडलेच नाही. अंदाज करायचा नाही, विचारायचे.

विचारण्याचे प्रसंग अधिक आले ते डॉ. मोहित्यांच्या बाबतीत. हे नागपूरहून आलेले, रक्तवाहिन्यांचे सर्जन. हातापायाचा रक्तप्रवाह अचानक थांबला की तो अवयव पांढरा, गार पडतो. काही तासांत वाट मोकळी झाली नाही तर कापावा लागतो. अशा वेळी मोहित्यांचे हात विलक्षण चपळ चालत. लेखणी मात्र चालत नसे.

*

त्यांच्या एका फाइलवर निदान म्हणून दोनच शब्द होते : ‘कोल्ड लेग’. अक्का फाइल घेऊन वर गेली.

“डॉक्टर, थंड हे हवामान झालं. आजार कोणता?”

“अक्का, पाय वाचला ना त्याचा! काहून मागे लागल्या, बाप्पा?”

“वाचला, ते त्याला कळलं. कोणता पाय, ते तुम्ही लिहिल्याशिवाय मला कळायचं नाही.”

मोहित्यांनी ‘उजवा’ लिहिले आणि खाली, न मागता, ‘आता चालतो’ असेही लिहिले!

*

पुढे अक्का दिसली की ते जिना बदलू लागले. अक्काने जिन्याचा नाद सोडला. सरळ ओपीडीचे टोकन घेतले आणि फाइल घेऊन रुग्णांच्या रांगेत जाऊन बसली. नंबर पुकारला गेला.

“अरे! अक्का, तुम्हाला काय होऊन राहिलं?”

“मला काही नाही. या फाइलमधल्या बाईंचा हात उजवा की डावा, एवढं सांगा. मागे लोक खोळंबलेत.”

मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, असे कॅन्टीनचा पाठ सांगतो. शांताच्या पाठात टाळ्या नाहीत.

*

क्रमांक देण्यापूर्वी अक्काला आणखी एक गोष्ट लागे. रक्ताची गुठळी त्या जागीच तयार झाली, की दुसरीकडून वाहत येऊन अडकली? मोहिते बहुधा नुसते ‘गुठळी’ लिहून मोकळे होत.

“इथली की बाहेरून आलेली?” अक्काने विचारले.

“माझ्यासारखी. बाहेरून आलेली!”

“मग कुठून आली, तेही येऊ द्या. आमच्या बेंगळूरात हल्ली सगळ्यांनाच विचारतात.”

त्यांनी हसत ‘हृदयातून’ असे लिहिले. त्या दिवसापासून ते अक्काला टाळेनासे झाले. उलट संध्याकाळी स्वतःच फाइली घेऊन खाली येत, आणि शांता त्यांच्यासाठी कॉफी मागवी.

*

टोपणनावांचा अभ्यास करणाऱ्याने या विभागाची वहिवाट जरूर पाहावी. इथे डॉक्टरांना त्यांच्या आजारांच्या क्रमांकाने ओळखत. मोहिते म्हणजे ‘चारशे चव्वेचाळीस’. पुढे कोडबुकाची नवी आवृत्ती आली आणि सगळे क्रमांक बदलले. मोहिते तक्रार घेऊनच उतरले.

“मला न विचारता माझं नाव बदललं म्हणे?”

“बदललं. आता पुढे एक अक्षर लागलंय,” शांता म्हणाली. “बढती समजा!”

*

आता तो किस्सा, ज्याचे तीन पाठ आहेत.

एका सकाळी लिहिता लिहिता अक्काच्या हातून पेन गळाले. तिने आधी घड्याळाकडे पाहिले.

“शांता, ते पेन घे आणि लिही.” तिने वेळ सांगितली. “उजवा हात. अचानक कळ. बोटं पांढरी, गार. मनगटाला नाडी लागत नाही.”

एखादी राहिलेली फाइल असेल, अशा समजुतीने शांताने सुवाच्य अक्षरात सगळे उतरवले.

“पेशंटचं नाव, अक्का?”

“माझंच.”

शांता ओरडली आणि तिने वर फोन लावला. मोहिते लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धावत उतरले. “केव्हापासून?” असे त्यांनी विचारताच शांताने कागद पुढे केला. त्यांनी अक्काची छाती तपासली. ठोके अनियमित होते. गुठळी तिथूनच हातात उतरली होती. उशीर झाला तर हात जाणार, हे त्या खोलीत कोणालाच सांगावे लागले नाही.

थिएटरमध्ये फक्त कोपराचा भाग बधिर केला होता. अक्का जागी होती. मोहित्यांनी कोपराशी छेद घेतला, बारीक नळी आत सरकवली, आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगू लागले : “उजवा हात. कोपराजवळची धमनी. गुठळी हृदयातून आलेली. गुठळी काढली.” सहायक लिहून घेत होता. थिएटरमध्ये ते एवढे कधीच बोलले नव्हते, असे नर्स सांगतात. अक्का छताकडे पाहत होती.

“अक्का, बोटांत ऊब येऊन राहिली का?”

“स्वल्प.” घाबरली की अक्काच्या तोंडून मराठीतले ‘थोडं’ निघत नसे, कानडीच निघे.

“स्वल्प म्हणजे किती? नीट सांगा ना, बाप्पा!”

अक्का काय म्हणाली, याविषयी तिन्ही पाठांत मतभेद आहेत. पुढच्या घटनेविषयी नाहीत. तिने उजव्या हाताने मोहित्यांची दोन बोटे घट्ट धरली.

“अक्का, सोडा आता. टाके घालायचे आहेत.”

अक्काने बोटे सोडली. मोहित्यांनी टाके घातले.